न उमललेल्या फुलाबाबत कार्यवाही

फुलसावंगी परिसरातील कास्तकारांना शेतीविषयी प्रश्न पडतात, ही बाब नरहरराव मुळावकर यांच्या निदर्शनास आली, तेव्हा त्यांना सेवानिवृत्त होऊन वर्ष उलटले होते आणि मधल्या काळात त्यांच्या निदर्शनास दुसरे काहीच आले नव्हते. यवतमाळच्या एका कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर त्यांनी उमेदीची सगळी वर्षे काढली होती. त्यांच्या हातून एकही कागद पहिल्या फेरीत पुढे गेला नाही, असा त्यांचा लौकिक होता. निरोप समारंभात साहेबांनी तो जाहीरपणे सांगितला आणि नरहररावांनी तो नम्रपणे स्वीकारला.

असा माणूस गावी येऊन नुसता बसू शकत नाही. त्यांनी मोबाइलवर ‘श्वेतसुवर्ण तांत्रिक प्रश्नोत्तर समूह’ स्थापन केला. योजना साधी होती. कास्तकाराने विचारावे, जाणकाराने सांगावे. जाणकारांत ढाणकीला शेती सल्ल्याची नोकरी करणारी, कृषी पदवीधर आभा होती. कृषी केंद्राचे मालक पुंडलिकराव होते. शिवाय बाकीचे सगळेच होते, कारण ते आज्या-पंज्यापासून कपाशी लावत आले होते आणि त्यांना आजवर कोणी काही विचारले नव्हते.

ज्या कपाशीच्या पाकिटावर बोंडअळी येणार नाही असे छापले होते, तिच्यावर बोंडअळी आली, त्याच सालची ही गोष्ट.

फुलसावंगीबाहेरच्या बंजारा तांड्यात मानीबाई राठोड राहते. तिची आणि नवऱ्याची, किसनसिंगची, उतारावर कपाशी होती. घरचे वर्षाचे सगळे त्या कपाशीवरच होते. दुसरे पीक नाही, दुसरी आशा नाही. एका सकाळी मानीबाईला बांधाकडच्या झाडांवर काही फुले तोंड मिटून बसलेली दिसली. पाकळ्या टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या, जणू कोणी आतून कडी लावून घेतली आहे. किसनसिंग म्हणाला, थोडं थांबून पाहू. मानीबाईला थांबण्याची सवय नव्हती. तिने मोबाइल तोंडाजवळ धरला आणि समूहात बोलली:

“राम राम मंडळी. आमच्या कपाशीचं फूल उमलून नाही राह्यलं. तोंड मिटून बसलं. हे काय होय, अन् म्या काय करू?”

समूहातला हा पहिला प्रश्न होता. त्याचे स्वागत जोरदार झाले. जोडलेले हात आले, शुभ सकाळचे गुलाब आले, आणि त्या दिवशी ज्याचा वाढदिवस नव्हता अशा एका सदस्याला शुभेच्छाही मिळाल्या. मग नरहररावांचा संदेश आला. ध्वनिमुद्रित प्रश्न ग्राह्य धरता येत नाही. प्रश्न लेखी सादर करावा. वर विषय आणि संदर्भ लिहावा.

किसनसिंग सातवीपर्यंत शिकलेला होता. त्याने अंगठ्याने बराच वेळ टाइप करून पाठवले: “विषय – फूल. संदर्भ – बायको.”

नरहररावांनी कळवले की संदर्भात व्यक्ती चालत नाही. शिवाय फुलाचे छायाचित्र नाही. छायाचित्राशिवाय प्रश्नाचे आकारमान लक्षात येत नाही.

छायाचित्र पाठवले. ते अंधुक होते, परत आले. दुसरे पाठवले, त्यात मानीबाईचा अंगठा फुलापेक्षा मोठा दिसत होता, म्हणून फूल किती मोठे आहे याचा बोध होईना. नियम असा निघाला की वस्तूशेजारी नाणे ठेवून छायाचित्र काढावे. मानीबाईने दहा रुपयांचा शिक्का ठेवला.

इथे समूह प्रथमच खऱ्या अर्थाने जागा झाला. एकाने लिहिले की हा शिक्का ढाणकीच्या बाजारात कोणी घेत नाही. दुसऱ्याने लिहिले की उमरखेडला घेतात. किसनसिंगला वाटले, आपल्याच शिक्क्यावरून बोलणे चालले आहे, तर आपणही काही बोलावे. त्याने भोळेपणाने लिहिले, “सरकारनं बंद केला म्हणतेत.” झाले. माणसे जेवणावरून उठून त्याला समजावू लागली. बातम्यांची कात्रणे आली. बँकेतला भाचा असलेल्या एका गृहस्थाने भाच्यालाच समूहात आणले. शिक्का बंद नाही, नव्हता आणि होणार नाही, हे दिवसभर सर्व बाजूंनी सिद्ध होत राहिले. फुलाबद्दल कोणी एक अक्षर लिहिले नाही.

मधे एकदा पडद्यावर ‘आभा लिहीत आहे’ असे उमटले. मानीबाई पाहत राहिली. मग ते पुसले गेले. त्याचे कारण नंतर कळले. ज्या प्रश्नाला मान्यता मिळालेली नाही, त्याला जाणकाराने उत्तर देणे हा शिस्तभंग होता, आणि नरहररावांनी आभाला तसे खासगीत कळवले होते. पुंडलिकरावांनी मात्र प्रत्येक वेळी उत्तर दिले. ते नेहमी एकच होते: “दुकानावर या.”

मानीबाई दुकानावरही गेली. पुंडलिकरावांनी तिच्यासमोर बाटल्यांची रांग मांडली. कोणती कशाची, असे तिने विचारले, तर म्हणाले, “वहिनी, रोग कोन्ता ते तुमी सांगा, दवाई म्या देतो.” रोग विचारायलाच आले, असे ती म्हणाली. त्यांनी तिला समूहात विचारण्याचा सल्ला दिला.

इकडे बांधाकडची मिटलेली फुले आता वावराच्या मध्यापर्यंत आली होती.

पुढची अडचण अशी निघाली की प्रश्न विचारण्यापूर्वी आपण स्वतः काय प्रयत्न केले, ते प्रश्नकर्त्याने नमूद केलेले नव्हते. आयते उत्तर मागणाऱ्यांमुळे समूहाचा दर्जा घसरतो, असे नरहररावांचे मत होते. काय करावे ते माहीत नाही म्हणून काही केले नाही, असे मानीबाईने कळवले. काही केल्याशिवाय काय करावे हे विचारता येत नाही, असे तिला कळवण्यात आले. तेव्हा प्रश्नाला पात्र होण्यासाठी किसनसिंगने एका ओळीवर ताक शिंपडले. काही झाले नाही. ‘ताक शिंपडले, काही झाले नाही’ हा मजकूर जोडल्यावर नरहररावांना मनापासून समाधान वाटले. प्रश्नाला आता बैठक आली, असे ते म्हणाले.

विषय, संदर्भ, छायाचित्र, शिक्का आणि ताक अशा सर्व अंगांनी परिपूर्ण झालेला प्रश्न मानीबाईने पुन्हा सादर केला. तो तत्काळ बंद करण्यात आला. कारण दिले होते: हाच प्रश्न यापूर्वी विचारण्यात आलेला आहे. कोणी विचारला, म्हणून किसनसिंगने मागे जाऊन शोधले. मानीबाई राठोड, मुक्काम तांडा, यांनी विचारला होता. त्या प्रश्नाखाली शेरा होता: सुधारित प्रश्न प्राप्त झाल्याने बंद.

“म्हंजे माह्या प्रश्नानं माह्याच प्रश्नाचा गळा धरला काय?” मानीबाई म्हणाली.

किसनसिंगने दोन्ही शेरे पुन्हा वाचून पाहिले आणि तसेच दिसते म्हणाला.

एवढ्यात समूहाची कीर्ती वर पोचली होती. एवढे प्रश्न आणि एकही तक्रार नाही, असा समूह जिल्ह्यात दुसरा नव्हता. ढाणकीच्या मंगल कार्यालयात ‘उत्तम प्रश्न कसा विचारावा’ या विषयावर एक दिवसाची कार्यशाळा ठरली. फलक लागला, चहा झाला, पाहुण्यांच्या स्वागताला निघालेली पोरे दोनदा चुकीच्या गाडीला हार घालून आली. पहिल्या सत्रात मानीबाईचा मूळ प्रश्न पडद्यावर दाखवून त्यातले दोष सांगण्यात आले. उगाच राम राम, भावनिक भाषा, ‘काय करू’ असा मोघम शेवट. लोकांनी उतरवून घेतले. दुसऱ्या सत्रात तिचाच सुधारलेला प्रश्न दाखवला, तेव्हा सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. असा प्रश्न गेल्या कित्येक वर्षांत पाहिला नाही, असे प्रमुख पाहुणे म्हणाले. मानीबाईला मंचावर बोलावून शाल, नारळ आणि ‘आदर्श प्रश्नकर्ती’ असे प्रमाणपत्र देण्यात आले.

शाल घेऊन ती खाली उतरली नाही. मंचावर बसलेल्या आभाकडे वळली.

“मॅडम, तुमी शिकेल आहात. शाल रायली बाजूले. मले येवढंच सांगा, फूल काहून उमलत नाही?”

आभाने तोंड उघडले आणि नरहररावांकडे पाहिले. नरहररावांनी ध्वनिक्षेपक जवळ ओढला. “आजचे सत्र प्रश्नांचे आहे,” ते म्हणाले. “उत्तरांचे सत्र निधी आल्यावर घेण्यात येईल.”

“मंग तवर फुलाले सांगू काय,” मानीबाई म्हणाली, “का बाबा, निधी येऊ दे, मंग बिघड?”

सभागृह हसले. प्रमुख पाहुण्यांनी आयोजकांना सांगितले की बाईंचा हा दुसरा प्रश्नही चांगला आहे, मात्र त्याला संदर्भ जोडावा.

घरी येताना ती गप्प होती. बंजाऱ्याची बाई गप्प बसली की तांड्यातली कुत्रीही जरा लांबून जातात. जेवताना तिने नवऱ्याला एकच गोष्ट विचारली. तिने फुलाबद्दल इतक्यांदा विचारले, किती जण बोलले? कोणी नाही, तो म्हणाला. आणि त्याने शिक्का बंद झाला असे चुकीचे लिहिले, तेव्हा किती जण बोलले? किसनसिंगने घास हातातच धरला. सगळे, तो म्हणाला.

“मंग आपन विचारतो कायले?” मानीबाई म्हणाली. “मोबाइल घे. म्या सांगतो ते लिही.”

त्याने लिहून घेतले, आणि लिहिता लिहिता त्याचे कान लाल झाले. “हे धाडू? लोक हसतीन.”

“हसू दे. हसता हसता बोलतीन तरी.”

संदेश असा गेला:

“सर्वांना कळवण्यास आनंद होतो की आमच्या कपाशीला मिटलेल्या गुलाबासारखी फुलं लागली आहेत. हे भरभराटीचं लक्षण आहे. ही फुलं तोडू नये. जेवढी जास्त तेवढा कापूस जास्त. सगळ्या तांड्याला आम्ही हेच सांगून राह्यलो.”

त्यात प्रश्नचिन्ह नव्हते, त्यामुळे नियमांपैकी एकही नियम लागू होत नव्हता. शिस्तभंगाची भीती नव्हती. आणि मुख्य म्हणजे, ते चूक होते.

समूहावर जे झाले ते पाहायला शेजारच्या खाटांवरची माणसे उठून आली. मोबाइल हातात राहीना, मानीबाईने तो पिठाच्या डब्यावर ठेवला तर तो डब्यासकट वाजू लागला. आभा सर्वांत पुढे होती. तिने लिहिले, “ताई, चूक. साफ चूक. ही डोमकळी आहे. आत गुलाबी बोंडअळी आहे, तिने पाकळ्या आतून बांधून ठेवल्या आहेत. उद्या सकाळीच सगळ्या डोमकळ्या तोडा आणि अळीसकट जाळा. तांड्याला उलटे सांगू नका, सगळ्यांना तोडायला लावा. नर पतंग पकडायला कामगंध सापळे लावा.” इतक्या आठवड्यांचे दाबून धरलेले तिने एका दमात लिहून टाकले होते. पुंडलिकराव दुकान बंद करून घरी आलेले होते, तरी लिहीत होते, “येवढं बी समजत नाही काय? डोमकळी तोडाच लागते. त्याले दवाईची गरज नाही. माह्या आज्याले मालूम होतं.” बाटल्यांची रांग मांडणाऱ्या हातांनीच हे लिहिले, हे त्यांच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आले.

खुद्द नरहररावांना राहवले नाही. अज्ञान पसरवणाऱ्या विधानाचे खंडन म्हणून त्यांनी कृषी खात्याचे सचित्र पत्रक जोडले. त्यात मानीबाईच्या फुलाचे हुबेहूब चित्र होते आणि खाली उपाय छापला होता. पत्रक त्यांच्याकडे हंगामाच्या सुरुवातीलाच आले होते, पण त्यावर आवक क्रमांक पडायचा राहिला होता.

दिवस उगवायच्या आत तांड्यातल्या बाया ओट्या खोचून मानीबाईच्या वावरात उतरल्या. डोमकळी सापडली की प्रत्येक बाई नरहररावांचे नाव घेऊन ती तोडत होती. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत त्या नावाला जोडून जे म्हटले जात होते ते इथे देता येत नाही. बांधावर शेकोटी करून सगळे जाळले. मग तोच जथा शेजारच्या वावरात शिरला, मग त्याच्या शेजारच्या. पुढे मानीबाईच्या घरी सगळा नाही, पण घर चालण्याइतका कापूस आला. त्या साली एवढेही पुष्कळ होते.

इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण युक्ती पसरली. फुलसावंगीपासून ढाणकीपर्यंत लोकांनी विचारणे सोडून दिले आणि चुकीचे सांगायला सुरुवात केली. ‘मोटर उलटी फिरवली की पाणी जास्त येते’ असे एकाने लिहिले, त्याला मोटरबद्दल जे हवे होते ते चहा व्हायच्या आत मिळाले. ‘म्हशीला ताप आला की तिला गोधडी पांघरावी’ या विधानावर पशुवैद्य स्वतः गाडी काढून आले. एका म्हाताऱ्याने फक्त एवढे लिहिले की सातबाऱ्यावर नाव चढवायला कार्यालयात काहीच अडचण येत नाही. त्यावर कोणत्या टेबलावर, कोणत्या वारी, कोणाला भेटावे आणि भेटताना कोणाला चहा पाजावा, याची संपूर्ण माहिती त्याच कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांनी चढाओढीने पुरवली. अज्ञानी विधान समोर दिसले की त्यांना आवरत नव्हते. माहिती अशी मोकाट बाहेर पडू लागल्यावर वरच्या पातळीवर चिंता व्यक्त झाली आणि नरहररावांना विचारणा झाली.

नरहररावांनी वेळ दवडला नाही. ‘चुकीची विधाने करण्याबाबत नियमावली’ तयार झाली. चूक लेखी असावी. चुकीला विषय व संदर्भ असावा. चूक करण्यापूर्वी काय बरोबर करून पाहिले, ते नमूद करावे. यापूर्वी झालेली चूक पुन्हा करता येणार नाही; इच्छुकांनी जुन्या चुका चाळून पाहाव्यात. विधान पुरेसे चूक आहे किंवा नाही, हे समिती ठरवेल, आणि अंशतः बरोबर आढळलेले विधान परत पाठवण्यात येईल. ‘उत्तम चूक कशी करावी’ ही कार्यशाळा आधीच्याच मंगल कार्यालयात झाली. फलक तोच होता, फक्त एका शब्दावर कागद चिकटवला होता.

समूहात पुन्हा शांतता आली. आता फक्त शुभ सकाळचे गुलाब येतात.

वेचणी संपली तेव्हा मानीबाईला नवा पेच पडला. कापूस वेचून झालेली झाडे, म्हणजे पऱ्हाटी, वावरात उभी होती. व्यापारी म्हणत होता, पाणी दे, आणखी थोडा कापूस निघेल. तिच्या मनात मात्र अळी होती. ती कुठे बसून राहते आणि पुढच्या साली कुठून उठते, हे तिला कळेना. उपटावी की राखावी? चुकले तर पुढच्या पेऱ्यात पुन्हा तेच. तिने नियमावलीप्रमाणे सर्व अंगांनी परिपूर्ण अशी चूक सादर केली. ती परत आली. शेरा होता: अर्जदार महिलेने यापूर्वी चुकीच्या विधानाद्वारे बरोबर उत्तर मिळवलेले आहे, सबब तिची चूक प्रामाणिक मानता येत नाही.

आभाने उत्तर लिहायला घेतले असते, पण तिची आता त्याच समितीवर नेमणूक झाली होती.

मग मानीबाई आमच्याकडे आली. ओसरीवर बसली, पाणी प्यायली.

“तुमी लिहिता म्हनतेत. ते कोनी वाचते काय?”

थोडे लोक वाचतात, असे आम्ही सांगितले. शिकलेले असतात, जाणकार असतात, शेतीबद्दल त्यांना कळकळ असते.

“मंग त्यात टाका,” ती म्हणाली. “पन विचारू नका. ठासून सांगा.”

तिच्या शब्दाखातर ठासून सांगतो. वेचणी झाल्यावर पऱ्हाटी मुळीच उपटू नये. पाणी देऊन ती पुढच्या पेऱ्यापर्यंत वावरात उभी राखावी. बोंडअळी तिथे कंटाळून आपोआप मरते.

हेच प्रश्न म्हणून छापले असते, तर आपण पान उलटून पुढे गेला असता; शिकलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षाही नाही. आता हात मोबाइलकडे गेलाच आहे, तर आम्हाला मूर्ख ठरवून सविस्तर लिहा. मानीबाईला नांगरटीच्या आधी पाहिजे.